कार्बनवाले बांधावर आले आहेत : जंगलाला भाव लावून जंगल वाचतं का?

बांधावरचा

राम राम मंडळी.
राहायला नागपुरात, मानेवाड्याला. सात-बारा मात्र भिवापूर तालुक्यातला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची हद्द आमच्या शेतापासून फार लांब नाही. चणा पेरला की अर्धा डुकरांचा, उरला तर आमचा. जुन्या साड्या बांधून झाल्या, झटका मशीन लावून झालं. मोठे भाऊ जागलीला जायचे, आता त्यांचे गुडघे दुखतात. सहा एकरांपैकी निम्म्याहून जास्त पडीत आहे.

आता एका कंपनीचा माणूस गावात फिरतोय. रोपं फुकट, खड्डे फुकट, ठिबकही ते देणार. झाडं मोठी झाली की कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र, विकणार आणि त्यातला हिस्सा आम्हाला. अट एकच, तीस वर्षं झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.

भाऊ म्हणतात, देऊन टाक. पुतण्या कृषीचा पदवीधर, तो म्हणतो ही सगळी बनवाबनवी आहे. माझे प्रश्न दोन. एक, हे करावं का? दुसरा जरा मोठा आहे. जंगल, पाणी, हवा यांना भाव लावला, बाजार उभा केला तर ते वाचतात असं सध्या सगळीकडे ऐकू येतं. आपल्या भागात हे कुठे खरं झालेलं कुणी पाहिलंय का?

तर्रीबाज

काहून भाऊ, तीस वर्षं? तोवर कंपनी राहीन का, तुम्ही रायसान का, हे पहिले पाहा. झाडं तेवढी राहतीन. मांगून रिसॉर्टवाले येतीन अन् म्हणतीन, वा, काय मस्त जंगल हाये, इकता का?

पुणेकर_सध्या_नागपुरात

रिसॉर्ट झालं की कळवा. पहिलं बुकिंग माझं.

रानवाट

वनखात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, आणि उदाहरण तुमच्याच अभयारण्याचं देतो.

जानेवारी 2021 मध्ये कऱ्हांडल्यात एक वाघीण तिच्या बछड्यांसह मेलेली सापडली. वासरू मारलं गेलं म्हणून एका शेतकऱ्याने त्या वासराच्या मढ्यावर विष टाकलं होतं. त्याच वाघिणीला पाहायला नागपूर-मुंबईचे लोक जिप्सीचे हजारो रुपये मोजत होते. म्हणजे वाघाला भाव होताच, चांगला होता. तो गेटवर मिळत होता, गोठ्यात नाही.

दुसरी घटना 31 डिसेंबर 2024 ची. एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले, तर जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेलच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. ही पोरं आसपासच्या गावांतलीच. वाघ दिसला तर बक्षिसी, नाही दिसला तर कोरडं 'थँक्यू', अशी त्यांची कमाई. पर्यटनाने गावात पैसा येतो हे खरं, ताडोब्याच्या गेटवरच्या मोहर्लीला आणि कोलाऱ्याला घरं सुधारलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण पैसा 'वाघ राहिला' यावर मिळतो की 'वाघ आज दिसला' यावर, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

राहता राहिली सरकारी भरपाई. माणूस गेला तर आता 25 लाख आहेत. पिकाचं नुकसान झालं तर तलाठी, वनरक्षक आणि कृषी सहायक या तिघांची वेळ जुळून पंचनामा होईस्तोवर डुकरं दुसऱ्यांदा येऊन जातात. मी त्या तिघांपैकी एक होतो, म्हणून सांगतो.

अर्थमास्तर

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

बाजाराने प्रदूषण कमी झाल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला एकूण मर्यादा घातली आणि तेवढं सोडण्याचे परवाने आपसात विकता येतील अशी सोय केली. आम्लपावसाचा प्रश्न बराच आटोक्यात आला, तोही अंदाजापेक्षा कमी खर्चात. आपल्याकडे सुरतेत 2019 पासून कारखान्यांच्या धुरातल्या कणांचा असाच बाजार चालतो. कणांचा असा बाजार जगात पहिलाच, असं म्हणतात. त्यात असलेल्या कारखान्यांचं उत्सर्जन इतरांच्या तुलनेत 20 ते 30 टक्के घटलं, असं अभ्यासात आढळलं.

पण सुरतेत आधी काय केलं ते विसरू नका. प्रत्येक चिमणीला सतत मोजणारं यंत्र बसवलं. एकूण धूर किती, याची कमाल मर्यादा सरकारने ठरवली. मर्यादा मोडली तर आधी भरलेल्या अनामतीतून पैसे कापले जातात. या तीन गोष्टी झाल्यावर खरेदी-विक्री सुरू झाली.

जंगलाला असं यंत्र बसत नाही, आणि बांधावरच्या भाऊंची अडचण नेमकी तीच. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वाढतं झाड वर्षाला ढोबळमानाने दहा-वीस किलो शोषतं. शंभर झाडं धरली तर वर्षाला टन-दोन टन. स्वेच्छा बाजारात, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना होणाऱ्या खरेदी-विक्रीत, झाडांच्या क्रेडिटचा भाव काही डॉलरपासून तीस-चाळीस डॉलरपर्यंत कुठेही असतो. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि कंपनीचा हिस्सा वजा करा. तुमच्या हाती एकरी किती येईल, याचं गणित कागदावर मांडून बघा. मोठी रक्कम दिसत नाही.

तर्रीबाज

मास्तर, म्हणजे तीस वर्षं झाड सांभाळायचं अन् शेवटी तर्री पोह्याचे पैसे?

अर्थमास्तर

@तर्रीबाज, एवढंही वाईट नाही. समोसा पण येईल.

मृण्मयी_धरमपेठ

मुळात निसर्गाला भाव लावणं मला पटत नाही, आणि हे भावनेपोटी म्हणत नाहीये. भाव ठरला की तोच परवाना होतो.

वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे जंगल गेल्याच्या नुकसानीची रक्कम, भरावं लागतं. जंगलांबाबतच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दर मान्य केले, हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख. 2022 मध्ये ते साधारण दीडपट झाले, सर्वांत वरचा दर 15.95 लाखांवर गेला. आता सांगा, नागपूरच्या बाहेरच्या रिंगरोडला हेक्टरभर जमीन किती कोटींना जाते? म्हणजे वाघाच्या भ्रमणमार्गातलं घनदाट जंगल शहराबाहेरच्या प्लॉटपेक्षा स्वस्त. खाण काढणाऱ्याच्या हिशेबात ही रक्कम डिझेलच्या ओळीखाली कुठेतरी दिसत असेल.

हा पैसा जंगल लावण्यासाठी म्हणून साठत राहिला. 2016 मध्ये कायदा झाला आणि 2019 मध्ये 47 हजार कोटींहून जास्त रक्कम राज्यांकडे गेली. लावलं काय? पुष्कळ ठिकाणी एका रांगेत साग.

शहरातही तेच. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' ठरलं. तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावा. नागपुरातल्या अजनीवनाची झाडं वाचवायला आम्ही रस्त्यावर उतरलो होतो तेव्हा हाच हिशेब ऐकवला जायचा, एवढी तोडू, एवढी लावू. सत्तर वर्षांच्या कडुनिंबाखाली मे महिन्यात उभं राहा, मग शहराबाहेर लावलेल्या सत्तर काड्यांखाली उभं राहा. नागपूरच्या उन्हात फरक कळायला डिग्री लागत नाही.

अर्थमास्तर

@मृण्मयी, दर कमी आहे ही तक्रार आहे की दर असणंच चूक आहे ही? दोन्ही एकदम कशा चालतील? दर नव्हता तेव्हा वनजमीन फुकटच जात होती ना?

मृण्मयी_धरमपेठ

काही जमिनी मुळीच जाऊ नयेत, ही तक्रार आहे. ज्या जाणारच त्यांचा दर एवढा हवा की मागणाऱ्याने दुसरी जागा शोधावी. यात विसंगती काय आहे?

गिट्टीरेती

बांधकाम साहित्याचा धंदा आहे. बाजार बाजार करताय तर कन्हानच्या रेतीचं ऐका.

पूर्वी घाटाचा, म्हणजे नदीतून रेती काढायच्या जागेचा, लिलाव व्हायचा. ज्याची बोली मोठी त्याला घाट. मुदत बहुतेक वेळा जेमतेम एका हंगामाची, कारण 10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद. आता कोटभर रुपये भरून घाट घेणारा काय करील? नदीत पुढच्या वर्षी रेती राहील की नाही, याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. पुढच्या वर्षी घाट दुसऱ्याचा. करारात लिहिलंय माणसांकडून उपसा, घाटावर पोकलेन. एका रॉयल्टी पासवर टिप्परच्या किती खेपा होतात हे सांगत नाही, मला इथेच धंदा करायचा आहे.

मग 2023 मध्ये सरकार म्हणालं, लिलावच नको, आम्हीच डेपोतून 600 रुपये ब्रासने देतो. आमच्या गिऱ्हाइकांना आनंद झाला. पण सहाशेची रेती घरी येईस्तोवर वाहतूक धरून कितीला पडली ते विचारा. शिवाय ऑनलाइन नंबर लागला तर. 2025 च्या धोरणात डेपो गेले, पुन्हा लिलाव आला.

माझं मत असं की लिलाव वाईट नाही, मुदत वाईट आहे. तोच घाट दहा वर्षांसाठी गावाला द्या आणि दरवर्षी नदीचं पात्र मोजा. पात्र खोल गेलं की घाट काढून घ्या. मग बघा गावचे लोक रात्री टिप्पर अडवतात की नाही.

तर्रीबाज

अडवतीन. मंग दोनशे रुपये घेऊन सोडतीन.

गिट्टीरेती

@तर्रीबाज, तुम्ही नक्की महसूल खात्यात होता.

मामातलाव

मी साकोलीकडची. वरची चर्चा वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे एक तर सरकार नाही तर बाजार, असं मांडताय. आमच्याकडे भंडारा-गोंदियात हजारो मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. पाणी कुणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी, कुणाच्या नंतर, गाळ कोण काढणार, मासोळी कुणाची, सगळं ठरलेलं असायचं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, पण तिच्यासोबत गावाचं कामही गेलं. पाळ फुटली तर अर्ज करा. मासेमारीचा ठेका निघाला की काही ठिकाणी बाहेरून बीज आणून सोडतात, देशी मासोळ्या मागे पडतात. धिवर बायांनी तलावातल्या पाणवनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणल्याची कामं आमच्या भागात झालीत, मुद्दाम जाऊन पाहा.

हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने 1968 मध्ये लिहिलं की सामायिक कुरणाचा नाश ठरलेलाच. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी जगभरची कुरणं, कालवे, मासेमारी तपासून दाखवलं की असं काही ठरलेलं नसतं. लोक नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात, दंड लावतात. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला.

आता बाजाराचं. मेंढ्याला हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती. 1927 च्या कायद्यात बांबू 'झाड' होता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, मग बांबू विकला गेला. त्याआधी कित्येक वर्षं हाच बांबू कागदगिरण्यांना पडेल भावात जायचा. म्हणजे बाजार तेव्हाही होता, फक्त विकणारा गावाबाहेरचा होता.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव, गोंडपिपरी तालुका. हे माझ्या विशेष आवडीचं. बांबूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करते. कोवळे वास्ते (बांबूचे कोंब) तोडायचे नाहीत, हा नियम. पण तेंदूपत्ता? तो विकायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. तेंदूला नवी पालवी भरपूर फुटावी म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात. आग लागली की बाकीचं रानही जातं, आणि तेंदूची फळं पाखरांना राहत नाहीत. मे महिन्यात आजूबाजूच्या गावांत 70-70 पानांचे पुडे फळीवर मोजले जात असतात, रोख पैसा येत असतो, आणि हे गाव त्यातून बाहेर. ज्या गावाला बांबू विकता येतो त्यालाच तेंदू नाही म्हणणं परवडतं, हेही खरं.

रानवाट

@मामातलाव, लेख झाला हा! एक पुस्ती जोडतो. सगळ्याच ग्रामसभा पाचगाव नाहीत. काही ठिकाणी तेंदूचा ठेकेदारच ग्रामसभेचा ठराव लिहून आणतो, सह्या तेवढ्या गावाच्या. पैसे बुडवून पळालेले ठेकेदारही आहेत. हक्कासोबत हिशेब ठेवणारं माणूस लागतं.

मामातलाव

मान्य. मेंढ्यात वर्षानुवर्षं अभ्यासगट चालायचे, निर्णय सर्वसहमतीने. ते एका जीआरने होत नसतं.

संत्रावाला_वरुड

आमच्याकडचं पण घ्या. भूजलाला भावच नाही, म्हणून ज्याची बोअर खोल त्याचं पाणी. 2009 च्या कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. वरुडात 60 मीटरला धूळ निघते. सात-आठशे फूट खाली जाऊनही ज्यांची बाग वाळली त्यांची नावं सांगू का? मीटर लावून पाण्याचा भाव घ्या म्हणलं तर पहिला दगड मीच मारीन, पण दुसरा उपायही सुचत नाही.

पुणेकर_सध्या_नागपुरात

नागपूरने सांडपाणी विकलं, त्याचं कुणी बोललंच नाही. भांडेवाडीला रोजचं 130 दशलक्ष लिटर शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जातं आणि महाजेनको ही सरकारी वीजनिर्मिती कंपनी त्याचे महापालिकेला पैसे देते. तेवढं पेंचचं पाणी वाचलं. पुण्याला हे अजून जमलेलं नाही, हे लिहिताना माझे हात थरथरताहेत.

तर्रीबाज

लिहा लिहा, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मृण्मयी_धरमपेठ

ते उदाहरण चांगलं आहे, पण त्याला बाजार म्हणू नका. विकणारा एक, घेणारा एक, आणि 2016 च्या वीजदर धोरणात लिहिलंय की 50 किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर वीजकेंद्राने तेच पाणी वापरावं. आणि कोराडीची राख कुणाच्या हिशेबात धरायची? न वापरलेल्या राखेला टनामागे 1000 रुपये भरपाई 2021 च्या अधिसूचनेत आहे. कन्हानकाठच्या माणसाला त्यातले किती मिळतात?

संपादक

कृपया पक्षांची आणि नेत्यांची नावं आणू नका. वरचे दोन प्रतिसाद त्यासाठी काढले आहेत.

बांधावरचा

खूप माहिती मिळाली. पण माझा साडेतीन एकरांचा प्रश्न तसाच राहिला की हो.

अर्थमास्तर

बरोबर आहे. कंपनीला हे विचारा आणि उत्तर मराठीत लेखी घ्या.

क्रेडिट कुणाच्या नावावर निघणार? तुमचा हिस्सा विक्रीच्या रकमेवर, की खर्च वजा जाता उरेल त्यावर? बहुतेक फसगत इथे होते. पहिली चार-पाच वर्षं क्रेडिट निघणार नाही, तेव्हा एकरी ठोक रक्कम देणार का? वणवा लागला, रोह्यांनी (नीलगायींनी) रोपं खाल्ली, तर भुर्दंड कुणाला? कंपनीने करार दुसऱ्याला विकला तर तुमची संमती लागेल का? सात-बाराच्या इतर हक्कांत नोंद होणार का? झाली तर पीककर्ज घेताना बँक काय म्हणेल? तीस वर्षांत तुमच्या मुलांना बाहेर पडायचं झालं तर किती भरावं लागेल?

अजून एक. ते 'ग्रीन क्रेडिट'चं नाव घेत असतील तर सावध राहा. ती केंद्र सरकारची 2023 ची वेगळी योजना आहे, तिच्यात पडीक वनजमिनीवर झाडं लावतात. तुमच्या शेताचा तिच्याशी संबंध नाही.

रानवाट

आणि सागाची रोपं देत असतील तर लक्षात ठेवा, खासगी जमिनीतला साग तोडायलाही 1964 च्या कायद्याखाली परवानगी लागते. तीस वर्षं कंपनीची अट, त्यानंतर आमच्या खात्याचे हेलपाटे. बांबू लावाल तर 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही, कापायला मोकळे. फुलोरा आला की मात्र बेट वाळतं, ते करारात कसं धरलंय तेही विचारा.

मामातलाव

माझं एकच सांगणं, एकट्याने सही करू नका. तुमच्यासारखी पडीत जमीन गावात अजून कितीजणांची आहे? ग्रामसभेत विषय घ्या. पंधरा-वीस घरं मिळून बसली की कंपनीचा माणूस आपोआप मराठीत बोलायला लागतो.

बांधावरचा

कालच गावी जाऊन आलो. मास्तरांची यादी त्या माणसापुढे ठेवली. करार इंग्रजीत आहे, मराठी मसुदा 'वरून' मागवतो म्हणाला. हिस्सा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर आहे. पहिल्या पाच वर्षांत रोख काही नाही. वणव्याचं कलम पुतण्याने शोधून काढलं. आग लागल्यास पुन्हा लागवड शेतकऱ्याने स्वखर्चाने करायची.

ग्रामसभेत विषय घेतोय, पण भाऊंचं आणि माझं एवढं ठरलंय की सगळी जमीन बांधून द्यायची नाही. पडितातल्या एका एकरात आणि बांधावर स्वतःच बांबू लावू, कंपनी असो वा नसो. उरलेल्या जमिनीचं ग्रामसभा काय म्हणते त्यावर बघू.

आता सांगा, कटांग लावू की मानवेल?

तर्रीबाज

कार्बनवरून बांबूवर! आता हजार प्रतिसाद पक्के.

रानवाट

बांधाला कटांग. काटे असतात, जाळी दाट होते, डुकरं सहसा घुसत नाहीत. कापायला मात्र त्रास, हात फाटतात. आतल्या एकरात मानवेल लावा, भरीव निघतो, काठ्यांना गिऱ्हाईक असतं. रोपं जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनंतर लावा, आणि पहिली दोन वर्षं गुरं आत जाऊ देऊ नका. झटका मशीन विकू नका अजून.